पवनानगरला अर्धाच पाहिलेला सामना

शनिवारी सकाळी आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज पडला. "मावळात रेड अलर्ट आहे. उद्याची बस रद्द. सगळ्यांनी घरीच थांबावे." त्याखाली धडाधड अंगठे. आठवडाभर हीच मंडळी "यंदा पवनानगरला त्यांच्या मैदानात जाऊन त्यांना लोळवायचं" म्हणून छाती बडवत होती. चार थेंब काय पडले, सगळे घरात भजी तळायला मोकळे! मी अंगठा दिला नाही. पिशवी भरली, फ्रिजमधलं दूध संपवलं आणि शिवाजीनगर स्टेशन गाठलं.

आता हा सामना काय प्रकार आहे ते सांगतो. पुण्यातलं आमचं कॉलेज आणि पवना धरणाच्या अंगाचं एक कॉलेज यांच्यात दर पावसाळ्यात फुटबॉलचा एक सामना होतो. एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. त्यांच्याकडे खेळणं म्हणजे दिव्य. मैदानाची एक बाजू दलदल, वरून पाऊस आणि त्यांची पोरं त्याच चिखलात वाढलेली. तिथे आम्ही जिंकलेलं माझ्या आठवणीत नाही. तरी मी आणि दिल्या, म्हणजे माझा कॉलेजपासूनचा मित्र दिलीप, तिथे जायला एकदाही चुकलो नाही. दिल्या म्हणायचा, "घरच्या सामन्याला कोणीही येतं रे. परगावच्या सामन्याला भिजायला येतो तो आपला."

दोन वर्षांपूर्वी याच सामन्यावरून परतताना मी दिल्याला दुखावलं. आम्ही हरलो होतो, आमच्या गोलकीपरच्या दोन पायांमधून बॉल गेला होता आणि जीपमध्ये ते पोर रडत होतं. त्याला हसवायला म्हणून मी म्हणालो, "अरे, हा दिलीपकाका बघ. आमच्या फायनलला ह्यानेही अस्साच सोडला होता. तरी अजून तोंड वर करून फिरतोय." सगळी जीप हसली. हा विनोद मी तोवर सव्वीस वर्षं करत आलो होतो. त्या दिवशी दिल्या हसला नाही. कामशेतला उतरून लोकलच्या दुसऱ्या डब्यात बसला, तो आजपर्यंत माझ्याशी बोललेला नाही.

आणि खरी गोष्ट अशी, की कॉलेजातल्या फायनलच्या त्या गोलाला कारण मी होतो. मी बचावाला होतो. बॉल बाहेर मारायचा सोडून मी दिल्याकडे मागे ढकलला, तो चिखलात अडकला आणि समोरचा पोरगा फुकटात त्याच्यावर आला. दिल्याला काय करता येणार होतं? शिव्या त्याने खाल्ल्या, मी गप्प राहिलो, आणि वर विनोद करत राहिलो. हे मला एकदा त्याच्यासमोर उभं राहून म्हणायचं होतं. भांडणानंतर फोन दोनदा केला, त्याने उचलला नाही. मग मीही ऐटीत राहिलो. मागच्या वर्षी आमच्या घरच्या सामन्याला तो आला नाही. पण पवनानगरला येणार, ही माझी खात्री होती. म्हणून निघालो.

तुम्ही जाणार असाल तर लोणावळा लोकलमध्ये डाव्या हाताची खिडकी पकडा. मळवलीच्या आसपास लोहगड-विसापूर दिसतात, मला अर्थात ढग सोडून काहीच दिसलं नाही. खरं तर पवनानगरला जायला अलीकडे कामशेतलाच उतरायचं असतं. पण आदल्या दिवशी लोणावळ्याला मुक्काम, भुशीला भजी आणि सकाळी उलटं कामशेतला येणं ही आमची रीत. शहाणपणाची नाही, पण रीत.

रिक्षावाल्याने भुशीच्या अलीकडेच सोडलं. पाणी वाढल्यामुळे धरणाच्या पायऱ्या बंद होत्या आणि पोलीस सगळ्यांना मागे फिरवत होते. गाड्यांची ही रांग! प्रत्येक गाडीत दणदण गाणी, काचांवर वाफ, आत माणसं माणसांना चिकटलेली. मी टपरीवर कांदाभजी सांगितली. तिथली बाई म्हणाली, "एकच प्लेट?" हो म्हणालो. गरम होती, छान होती, पण अर्धी उरली. कागदात बांधून घेतली आणि पुढे ओल्या कागदाचा लगदा झाला तेव्हा टाकून दिली.

आमचं ठरलेलं लॉज बाजारातच आहे. साधं, स्वच्छ, गरम पाणी बादलीने. मालक इक्बालभाई आम्हाला कायम तीच जिन्यावरची खोली देतात.

"या, या! दुसरे साहेब?"

"येतील. थेट मैदानावर."

"बरं," म्हणाले आणि सवयीने दोन टॉवेल काढून दिले. मीही दोन घेतले. एक वापरला आणि दुसरा दुसऱ्या पलंगावर घडी करून ठेवला. नीता, माझी बायको, गेल्यापासून पुण्याच्या घरात मी आणि फ्रिज असे दोघंच आवाज करतो, त्यामुळे एकटं झोपायची मला सवय आहे. नीता गेली त्या महिन्यात दिल्या रोज चिंचवडहून डबा घेऊन यायचा, समोर बसून जेवायला लावायचा. त्या माणसाला मी जीपभर पोरांसमोर चेष्टेचा विषय केला. लाज वाटली हो, भयंकर लाज वाटली.

रविवारी सकाळी लोकलने कामशेत. स्टेशनबाहेरून पवनानगरच्या शेअर जीप सुटतात, भरली की निघते, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे मोजे न्या, बाकी काही विसरलात तरी चालेल. माझ्याशेजारी एक आबा बसले होते, मांडीवर खताची रिकामी पोती, डोक्यावर टोपीवर प्लास्टिक.

"कुटं निगालाय एवढ्या पावसात?"

"कॉलेजवर. मॅच आहे फुटबॉलची."

"आज? ह्या पावसात कोन खेळनार?"

"पोरं खेळतात, आबा."

"आन् बगनार कोन?"

"मी आहे ना."

त्यांनी मला वरून खालून पाहिलं. "एकलेच?"

"मित्र येतोय माझा."

"मंग बरंय," आबा म्हणाले आणि माझी भिजलेली पिशवी स्वतःच्या पोत्यांवर ठेवून घेतली. करुंज गाव सोडलं तसं धुकं रस्त्यावर उतरलं. ड्रायव्हर मान बाहेर काढून चालवत होता. दोन्ही बाजूंची भातं काय ती हिरवी दिसत होती, तीही बांधापर्यंतच.

मैदानावर पोचलो तर तिथे मैदानच नाही! म्हणजे होतं, पण दिसेना. रस्त्याच्या अंगाचा गोल दिसत होता, धरणाच्या अंगाचा गोल गायब. चुन्याची फक्की पावसात टिकत नाही म्हणून कॉलेजचा शिपाई भाताचं तूस टाकून रेषा आखत होता आणि पाऊस त्या मागून पुसत होता. पंचांनी अर्धा तास वाट पाहिली. मग म्हणाले, जेवढं दिसतंय तेवढ्यात खेळू.

आता इथे आमचं एक जुनं भांडण सांगायलाच हवं. दिल्या स्वतः गोलकीपर, म्हणून त्याला कायम आपल्या गोलकीपरच्या मागे उभं राहायचं असतं. मला हवा असतो समोरचा गोल, जिथे आपली पोरं चढाई करतात. इतक्या वर्षांत दर खेपेला यावरून हमरीतुमरी. हाफ टाइमला संघ बाजू बदलतात, तसे आम्हीही टोक बदलायचो आणि पुन्हा तिथे भांडायचो. या वेळी मी मुकाट्याने दिल्याची जागा पकडली. पहिल्या हाफला आमचा गोलकीपर धरणाकडच्या गोलात होता. त्याच्या मागे जाऊन छत्री उघडून उभा राहिलो. दिल्या आला की त्याला कळेल, म्हटलं, की हा गाढव सुधारला.

तो आला नाही. मी दर मिनिटाला मागे वळून बघत होतो. आमचा यंदाचा गोलकीपर काटकुळा, पण काय वाघ आहे! त्यांना पेनल्टी मिळाली तेव्हा माझ्यापासून दहा पावलांवर त्याने चिखलात अशी उडी घेतली, की बॉल बोटांना लागून खांबाच्या बाहेरून गेला. मी ओरडलो, "दिल्या, बघितलंस का रे!" शेजारी कोणीच नव्हतं. गोलकीपरने वळून माझ्याकडे पाहिलं, "काका, माझं नाव रोहन," म्हणाला.

हाफ टाइम. शून्य-शून्य. रोहन पलीकडे निघाला, रीतीप्रमाणे मीही निघालो. रस्त्यावरून पाहिलं तर डावी पडते त्या कडेने, छत्री तिरकी धरून. मैदानाची पलीकडची कडा धुक्यात दिसत नव्हती.

रस्त्याच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये एक मावशी चहा विकत होत्या. रोहनच्या मागे राहायचं म्हणून मी शेडजवळ उभा राहिलो. आता आमची चढाई धरणाकडे, म्हणजे मला दिसणार शून्य. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता, की शिट्टीही अर्धवट ऐकू येई. शेवटाकडे धुक्यातून एकदम आरडाओरडा आला, आणि आमची पिवळ्या जर्सीतली पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत बाहेर आली. गोल! आमचा! पवनानगरला! आणि मी तो पाहिलाच नव्हता. आनंद झाला खरा, पण टाळी कोणाला देणार? रोहन त्याच्या खांबाला मिठी मारून उभा होता.

मी शेडमध्ये गेलो. "मावशी, एक चहा. बिनसाखरेचा."

"तुमीबी बिनसाखरेचा?" त्या म्हणाल्या. "मगाशी एक पावनं आलते. दोन चहा सांगितले, एक साखरेचा, एक बिनसाखरेचा. साखरेचा पिले आन् दुसरा तसाच ठिवला. लय येळ वाट बगितली. म्हनले, येईल आमचा मानूस, त्याला शुगर हाय."

"कुठे उभे होते ते?"

"हितंच की. तुमी उबं व्हता तितंच. हाप टाइम झाला तसं त्या कडंनं पलीकडं गेलं." त्यांनी उजवी कडा दाखवली.

म्हणजे दिल्या पहिला हाफभर माझ्या आवडत्या टोकाला उभा होता. माझ्यासाठी! आणि मी त्याच्या. मग रीतीप्रमाणे आम्ही दोघांनी टोकं बदलली, तो उजव्या कडेने, मी डाव्या. मधे नुसतं मैदान आणि धुकं. शेडबाहेरच्या बाकावर तो बिनसाखरेचा ग्लास अजून होता, अर्धा पावसाच्या पाण्याने भरलेला.

मी पळालो. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, गमबूट घालून, चिखलातून. उजव्या कडेने जायचं एवढं तरी सुचायला हवं होतं. नाही सुचलं! पायाच्या सवयीने डाव्या कडेनेच गेलो. अर्ध्यावर असताना शेवटची शिट्टी वाजली, आम्ही जिंकलो, पोरं मैदानात घुसली. धरणाकडचा गोल रिकामा होता. जाळीमागच्या चिखलात बुटांचे ठसे होते, एका जागी खूप वेळ उभं राहिल्याचे. "दिल्याऽऽ" म्हणून दोन हाका मारल्या.

परत शेडपाशी आलो तर मावशींनी कपाळाला हात लावला. "अवो, तुमी कुटं गेलता? आत्ता जीपमंदी बसलं त्ये! म्या हाळी दिली, पर ह्या पोरांच्या दंग्यात त्यांनी ऐकलं न्हाई."

पुढची जीप भरायला तासभर लागला. तो तास मी शेडमध्ये काढला. मावशींनी न विचारता चहा दिला, म्हणाल्या, "ह्यो तरी गरम प्या." प्यायलो. पोरं ट्रॉफी घेऊन फोटो काढत होती, मलाही ओढलं त्यात. त्या फोटोत मी आहे, डोळे मिटलेले.

कामशेतला लोकल समोरूनच गेली. पुढच्या गाडीची वाट बघताना हिशेब केला, पवनानगरला पुढचा सामना दोन वर्षांनी. तेव्हा मी समोरच्या गोलाला उभं राहायचं की आपल्या? तोही हाच विचार करत असला तर?

संध्याकाळी घरी पोचलो. गमबूट बाल्कनीत उलटे टाकले, फ्रिज घुरघुरत होता. तुम्हाला सांगायचं तर पवनानगरला जरूर जा, पावसातच जा, भुशीची गर्दी टाळा. एवढं लिहून लॅपटॉप बंद करणार होतो. पण दोन वर्षं थांबायचं म्हणजे फार झालं. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून फोन उचलला आणि दिल्याचा नंबर लावला. बऱ्याच वेळाने त्याने घेतला. "बोल," एवढंच म्हणाला. आवाज बसलेला होता, ओरडून बसतो तसा.

"दिल्या, फायनलचा तो पास माझा होता."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"माहितीये मला. अठ्ठावीस वर्षं माहितीये. तू कधी म्हणतोयस एवढंच बघत होतो."

"मी आज तुझ्या गोलकीपरच्या मागे उभा होतो."

"गाढवा," तो म्हणाला, "आणि मी तिकडे तुझा चहा धरून बसलोय! पेनल्टी अडवली म्हणे त्या पोराने. मला काही म्हणजे काही दिसलं नाही."

"मला आपला गोल दिसला नाही."

"मग सांगू?"

"थांब," म्हणालो. फोन स्पीकरवर टाकला, चहाचं आधण ठेवलं, ओट्याशी स्टूल ओढलं. "हं. आता सांग, पहिल्यापासून."