रिकाम्या घरातल्या आत्या

"घरात कुणी नाही. या, आत या, चहा टाकते."

मागचे दार अर्धे उघडून, ओला हात पदराला पुसत आत्या हे म्हणत. दारात कोण आहे हे पाहण्याआधीच पहिले वाक्य म्हणून झालेले असे. ओळख पटली की पुढची. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या काखेत नगरपालिकेची वही होती, आणि त्या वहीत मला नेमके तेच लिहायचे होते.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षे झाली होती. ठाण्याच्या तलावाकाठी तेव्हा मुंबईकरांचे दहा-बारा बंगले होते. मालक मे महिन्यात आणि दिवाळीत हवापालटाला येत, एरवी कुलूप. घर बरेच महिने बंद राहिले तर मालकाने अर्ज करावा आणि घरपट्टीतला काही भाग परत मिळवावा, अशी सोय होती. फक्त घर खरोखर बंद आहे हे कुणीतरी जाऊन पाहायचे. हे काम माझ्याकडे आले, कारण घरपट्टी खात्यात बाई मी एकटीच. पुरुष कारकून दारात उभा राहिला की बायका दाराआडूनच "घरात कुणी नाही" म्हणत, म्हणजे यजमान बाहेर गेले आहेत. आणि आमच्या एका तडफदार कारकुनाने तेवढ्यावर टेंभी नाक्याजवळचे नऊ माणसांचे बिऱ्हाड रिकामे ठरवले होते. तेव्हापासून 'बाईंना पाठवा' असे ठरले.

आत्या म्हणजे त्यांतल्याच एका बंगल्याच्या मालकाची सख्खी आत्या. साठीच्या, उंच, किडकिडीत. आवाज मात्र शाळामास्तरांचा. बंगला त्यांच्या भावाने बांधला. बहीण विधवा झाल्यावर त्याने तिला इथे आणून ठेवले आणि पुढे तो वारला. बंगला भाच्याकडे गेला, आणि बंगल्याबरोबर आत्याही. भाच्याच्या दादरच्या घरात जागा नव्हती. तलावाकाठच्या घरात जागा भरपूर होती, पण तिथे कुणी राहून चालणार नव्हते. यावर भाच्याने जो तोडगा काढला तो बिनतोड होता. आत्यांनी तिथे राहावे, पण राहत असल्यासारखे दिसू नये.

त्यासाठीच्या सूचना एका कागदावर लिहून त्याने मागच्या दाराआड चिकटवल्या होत्या. विजेचे दिवे लावायचे नाहीत, मीटर फिरते. स्वयंपाकघरात चूल पेटवायची नाही, भिंत काळी होते. मागच्या पडवीत स्टो वापरायचा. लुगडी बाहेर वाळत घालायची नाहीत. पुढचा दरवाजा उघडायचा नाही. शेवटी लिहिले होते, 'प्रकृतीस जपावे.'

"तेवढं एक मी माझ्या मनाने करते," आत्या म्हणाल्या.

मला चहा मिळाला तो कान तुटलेल्या कपात. चांगले कप कपाटात आणि कपाटाची किल्ली दादरला. मी चहा पीत असताना आत्यांनी मला घर दाखवले, अगदी मन लावून. ही खोली बंद, ही बंद, ही पण बंद. "आणि ही माझी," असे म्हणून त्यांनी कोठीची खोली दाखवली. "ही बंद धरा. मे महिन्यात ते आले की इथे आचारी झोपतो. मी जिन्याखाली."

मी कचेरीत परत येऊन हेडक्लार्कना सगळे सांगितले.

"राखणदार हा राहणारा धरत नाहीत, बाई. लिहा, रिकामे," ते म्हणाले.

"पण त्या राखणदार नाहीत. मालकाच्या आत्या आहेत."

"पगार घेतात?"

"नाही."

"मग राखणदार नव्हेत."

"मग राहतात असं लिहू?"

"भाडं देतात?"

"नाही."

"मग कुठल्या रकान्यात घालणार त्यांना तुम्ही? लिहा, रिकामे."

मी लिहिले. उगाच भोळेपणाचा आव आणत नाही. नोकरी नवी होती, घरी दोन मुले होती, आणि चहाही पोटात होता. पुढच्या वर्षीही लिहिले.

आत्यांचा भाचा कचेरीत येई तो अर्ज घेऊन आणि न्यायाची भाषा बोलत. बंगलेमालकांचे त्याने एक मंडळ काढले होते. त्याची सभाही इथे भरत नसे, दादरला भरे. "आम्ही या गावचं पाणी चाळीस दिवस पितो आणि पट्टी वर्षाची भरतो," तो म्हणे. "तुमचा रस्त्यावरचा कंदील माझ्या दारात वर्षभर जळतो. मला दिसतो का तो? तलावात गाळ साचतो तो आमच्या गैरहजेरीत. त्याची जबाबदारी आमच्यावर कशी?"

त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे नाही. जो माणूस पाणी भरत नाही, केर टाकत नाही, त्याने चाळीतल्या दहा माणसांच्या बिऱ्हाडाइतके का द्यावे, हा प्रश्न मलाही पडे. पण कंदील कुणी विझवून ठेवत नाही, मालक दादरला आहे म्हणून. आणि चाळीतल्या बिऱ्हाडाला, आम्ही चार दिवस गावी गेलो होतो, तेवढी पट्टी कमी करा, असे म्हणायला कधी सुचलेले मी पाहिले नाही. तुम्हीही पाहिले नसेल. न्याय मागायलासुद्धा दोन घरे लागतात.

आत्यांना मी हे सगळे सांगितले तेव्हा त्या खूप हसल्या. "केर टाकत नाही म्हणाला? मग रोज सकाळी मी काढते तो कुणाचा? बाई, तुमच्या वहीत केराला रकाना आहे का बघा. निदान त्याची तरी नोंद होऊ दे."

मग पहिल्या निवडणुकीच्या मतदारयाद्या सुरू झाल्या. काम आमच्याच कचेरीतल्या माणसांना लावले, आणि त्यांनी आमच्याच घरपट्टीच्या वह्या हाताशी घेतल्या. जी घरे रिकामी लिहिलेली होती त्यांच्या दाराशी कुणी गेलेच नाही. कशाला जाणार? वही सांगत होती.

एका सकाळी आत्या छत्री टेकत माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. कचेरीत त्या पहिल्यांदाच येत होत्या.

"माझं नाव घ्यायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "शेजारच्या माळ्याचं घेतलं, त्याच्या बायकोचं घेतलं. मी दोन दिवस मागच्या दाराशी बसून होते."

हेडक्लार्कनी वही उघडली. "या घरात कुणी राहत नाही, आजी."

"कोण म्हणतं?"

हेडक्लार्कनी बोट ठेवले. शेऱ्याखाली माझी सही होती. आत्यांनी ती वाचली आणि माझ्याकडे पाहिले.

"तुम्ही तर साखर कमी म्हणून दुसरा कप मागितला होतात," त्या म्हणाल्या.

एवढेच. मला आजवर कुणी यापेक्षा जास्त बोललेले नाही, साहेबही नाहीत.

हेडक्लार्कनी समजूत घातली. नाव घालायचे तर घरात माणूस राहतो असे लिहावे लागेल. तसे लिहिले की मालकाची सूट गेली. मालक रागावतील. "मग तुम्ही कुठे राहाल, आजी?"

"तेच विचारायला आले आहे," आत्या म्हणाल्या. "आत्ता मी कुठे राहते?"

भाचा तिसऱ्या दिवशी आला. त्याला कुणी कळवले ते मी विचारले नाही. हेडक्लार्क माझ्याकडे बघायचे टाळत होते. त्याने आत्यांना कचेरीतच बोलावून घेतले.

"आत्या, एका मतासाठी? देशात कोट्यवधी मतं पडणार. तुझ्या एकीनं काय होणार आहे?"

"अरे, तुझ्या एकट्याच्या पट्टीनं तरी तलावाचं काय होणार होतं? तरी तू मंडळ काढलंसच की."

"मी तुझं नाव दादरला घालतो. माझ्या घरच्या पत्त्यावर. मग तर झालं?"

"नको. तिथे मी खरंच राहत नाही," आत्या म्हणाल्या. "आणि दर मे महिन्यात टांग्यातून उतरलास की विचारतोस, आत्या, आहेस ना अजून? म्हटलं, एकदा सरकारी कागदावर बघून घ्यावं."

भाच्याने कपाळ पुसले. मी वही उचलली आणि उद्या पुन्हा तपासणीला येते, असे सांगितले. हेडक्लार्क म्हणाले, "बाई, विचार करा." मी म्हटले, "दोन वर्षे तेच केलं."

दुसऱ्या दिवशी तलावाला वळसा घालून गेले आणि लांबूनच दिसले. पुढचा दरवाजा सताड उघडा. सगळ्या खिडक्या उघड्या. समोरच्या व्हरांड्यात खांबापासून खांबापर्यंत दोरी बांधून चारही लुगडी वाळत घातलेली. स्वयंपाकघराच्या धुराड्यातून धूर. अकरा वाजले होते, लख्ख ऊन होते, आणि घरातले सगळे विजेचे दिवे लावलेले होते.

मी पुढच्या पायऱ्या चढून कडी वाजवली. आत्या आल्या.

"घरात कोण राहतं?" मी नियमाप्रमाणे विचारले.

"मी."

"नाव?"

त्यांनी नाव सांगितले. स्वतःचे, नवऱ्याचे, आडनाव, एकदम खड्या आवाजात. तलावाकाठी सगळे त्यांना आत्याच म्हणत. दोन वर्षांत ते नाव मी विचारलेच नव्हते. मी लिहिले: राहणारी माणसे, एक.

"आता चहा," आत्या म्हणाल्या. "आणि आज दूध जास्त आहे."

यादीत नाव लागले. भाच्याची सूट त्या वर्षापुरती गेली. पण तो न्यायाचा माणूस होता; दिवाळीला आला आणि जाताना आत्यांना बरोबर घेऊन गेला. "आता या वयात एकटीला ठेवणं बरं दिसत नाही," तो सगळ्यांना सांगत होता. बंगल्यावर पगारी राखणदार नेमला. पगारी राखणदार हा राहणारा धरत नाहीत, हे त्याला आमच्याकडूनच कळले होते.

मतदानाच्या दिवशी आत्या आल्या. दादरच्या घरी 'देवळात जाऊन येते' असे सांगून ठाण्याला आल्या होत्या. शाळेत रांग होती. मी त्यांच्या मागे उभी राहिले. आतल्या अधिकाऱ्याने त्यांचे पूर्ण नाव आणि तलावाकाठच्या घराचा क्रमांक मोठ्याने वाचला. "मीच ती," आत्या म्हणाल्या, कुणी विचारले नसताना.

बाहेर आल्यावर शाई लागलेले बोट फुंकत त्या म्हणाल्या, "चला, घर बघून येऊ."

फाटकाशी राखणदार होता, जवळच्याच खेड्यातला. त्याने अदबीने हात आडवा धरला.

"घरान कोनी नाय, आजी."

आत्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "छान म्हणतोस," त्या म्हणाल्या. "पण पुढे चहाचं विचारायचं असतं." मग तलावाच्या पायरीवर त्या थोडा वेळ बसल्या आणि त्यांच्या गाडीची वेळ झाली.

वर्षभराने भाचा अर्ज घेऊन आला. सही करता करता म्हणाला, "आत्या गेली हो गेल्या महिन्यात. आणि यंदा राखणदारही काढून टाकलाय, म्हणजे तुम्हाला शंकाच नको."

मी तपासणीला गेले. पुढचा दरवाजा बंद, खिडक्या बंद, खांबांना दोरी तशीच होती, ती सोडायचे कुणाला सुचले नव्हते. तेवढे पाहून परतता आले असते. पण मी सवयीने मागे गेले आणि दार वाजवले. थांबले. पुन्हा वाजवले.

घरात कुणी नाही, असे कुणी म्हणाले नाही. मी वहीत तसे लिहिले, सही केली आणि चहा न पिता कचेरीत परत आले.