हार घातलेल्या सर्व्हरचं उत्तर

भूत-बित, करणी-बिरणी… माझा कशावरच विश्वास नव्हता. जे बिघडतं ते माझ्यामुळेच बिघडतं, एवढी मात्र स्वतःवर श्रद्धा होती. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा.

राहतो पिंपळे सौदागरला, नोकरी चाकणला. सीटचे ब्रॅकेट बनवणाऱ्या छोट्या कंपनीचा अख्खा आयटी विभाग म्हणजे मी. आमचा माल निघोजेच्या एका मोठ्या कंपनीत जातो. गाडी निघाली की आत काय आहे ते एक्सएमएल फाइलमध्ये भरून नेटवरून त्यांच्या सर्व्हरला पाठवायचं. सर्व्हर नंबर देतो, तो गेटच्या स्क्रीनवर उमटतो, मगच गाडी आत. पण सर्व्हर जुनाट! फाइल थेट पाठवली तर घेत नाही; वेबसाइटवर फॉर्म भरतात तशी एका ठरावीक रकान्यात कोंबून द्यावी लागते. आमचा जुना प्रोग्राम बिचारा मुकाट्याने तेच करायचा.

खंडेनवमीच्या सकाळी मला सुधारणेची उबळ आली. जुना प्रोग्राम उडवला, थेट फाइल पाठवणारा नवा बसवला. म्हटलं, घेईल की! मग कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला… आणि शहाजीभाऊंची गाडी निघाली.

शहाजीभाऊ आमचे ड्रायव्हर, मूळचे बीडचे. दुपारी कुरुळीत त्यांच्या मुलीचा साखरपुडा. माल उतरवून थेट तिकडेच जायचं होतं.

थोड्या वेळानं फोन. "सायेब, गेटवाला म्हणतोय नंबर आला न्हाई."

"पाचच मिनिटं, भाऊ."

सर्व्हरकडून उत्तरच नव्हतं. एरर नाही, नकार नाही, काही नाही. फाइलची मांडणी बदलली, वरचा मथळा बदलला… जुन्या पद्धतीनं पाठवावं, तर त्या रकान्याचं नावच आठवेना. ते फक्त उडवलेल्या प्रोग्रामला ठाऊक!

"गाडी माघारी आणू का, सायेब?"

"नको नको, होतंय आता!"

पुढच्या फोनला भाऊंचा आवाज उतरला होता. "मागं कंटेनर लागलेत. आता माघारी बी येता येईना. भरली गाडी टाकून जाऊ कसा? पाव्हणे येऊन बसलेत, पोरगी फोनवर रडायली… काय करायलाव तुम्ही तिकडं?"

हात कीबोर्डवरून उचलले ते आपोआप जोडलेच गेले — हार घातलेल्या त्या डब्यासमोर! "बाबा, पाया पडतो… घे एवढं." शपथेवर सांगतो, एकही बटण दाबलं नाही.

फोन वाजला. "सायेब, उघडलं गेट!"

माझ्या स्क्रीनवर मात्र अजूनही… उत्तर नाही.

एवढ्यात निघोजेच्या कंपनीतल्या आयटीच्या प्रज्ञा मॅडमचा फोन. "अहो, मेल वाचता की नाही? आज माल पाठवू नका म्हणून कळवलं होतं! पूजेसाठी सर्व्हर सकाळीच बंद केलाय."

"पण मॅडम, गेटवर नंबर आला…"

"कसा येईल? गेटचा स्क्रीनही त्याच्यावरच चालतो. सर्व्हर माझ्यासमोरच आहे. वायर काढून हार घातलाय!"

दसऱ्यानंतर त्यांनी सर्व्हर सुरू केला. आमच्या गाडीची नोंद त्यात होती. बरोब्बर त्याच रकान्यातून आलेली.

"जुन्या प्रोग्रामनंच पाठवलंय की तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

मी कॉम्प्युटर पालथा घातला, बॅकअप शोधला. जुना प्रोग्राम कुठेही नाही. गेटवाल्याला विचारलं, तर तो म्हणतो, "नंबर दिसला, उघडलं. त्यात काय?"

शहाजीभाऊ पेढे घेऊन आले. "सायेब, तुमच्यामुळं पोचलो. माझ्यासाठीच थांबले होते सगळे." मी खरं सांगायला गेलो, तर म्हणाले, "लई साधे बगा तुमी." मी पेढा कॉम्प्युटरसमोर ठेवला.

माझा नवा प्रोग्राम अजून तसाच आहे. त्याला आजतागायत एकदाही उत्तर आलेलं नाही. गाड्या मात्र रोज आत जातात. मी कशालाही हात लावत नाही… हिंमतच होत नाही.

निघोजेच्या अलीकडून भाऊ फोन करतात, "पाठवलं न्हवं, सायेब?"

मी हो म्हणतो. कोण पाठवतं, देव जाणे.