इमान शिकायला गेलेली नात

आमच्या बोलीत विमानाला इमान म्हणतात. विहिरीची इहीर होते, विटेची ईट होते, तसं विमानाचं इमान. मी चौथी शिकलेला माणूस, सगळी उमर रावेरहून केळीचा ट्रक दिल्लीकडे नेण्यात गेली. आता इतक्या वर्षांनी बोली कशाला बदलू? माझी नात इमानं बनवते. पिंप्राळ्यात मी हे ज्याला त्याला सांगतो. कोणाला कंटाळा आला तर त्याने दुसऱ्या गल्लीने जावं.

माझी बायको गेली त्या पावसाळ्यात नातीची बारावी झाली होती आणि पुढच्या कॉलेजच्या याद्या लागत होत्या. बायको आजारी असताना पोर तिच्या खाटेजवळ बसून अभ्यास करायची. एकदा तिने आजीला सांगितलं, मी एरोनॉटिकल करणार. आजीला शब्द कळला नाही. पोर म्हणाली, विमानाचं शिक्षण. तशी बायको उठूनच बसली. मला हाक मारली आणि म्हणाली, "मन्ही नातले इमानमा बसू देवू नका. वरतून पडी गई ते हाडूकबी सापडाव नही."

मी हो म्हटलं. आजारी माणसाशी कोण वाद घालतो?

बायको गेली आणि दुखवट्यातच पोरीला जागा लागली. लांब, दक्षिणेत. हो म्हणायला थोडे दिवस होते आणि घरात माणसांची गर्दी. माझ्या मुलाचं म्हणणं, कॉम्प्युटर घे, पुण्यात घे, सगळे तेच घेतात. पोर फक्त माझ्याकडे बघायची. मी कोणाकडेच बघत नव्हतो. मला त्या दिवसांत चहासुद्धा कडू लागायचा.

दुखवटा संपवायच्या, गंधमुक्तीच्या दिवशी साक्रीहून माझा मेव्हणा आला, बायकोचा धाकटा भाऊ. रीतीप्रमाणे त्याने माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. मग रडला. मग जेवला. आणि जेवण झाल्यावर ओट्यावर पान लावत सगळ्यांच्या देखत विषय काढला.

"दाजी, पोरगी इमान शिकाले जाई ऱ्हायनी, असं ऐकं मी."

माझ्या शेजारी माझा दोस्त बसला होता. त्याचं गल्लीच्या तोंडाशी गाद्यांचं दुकान, कापूस पिंजणाऱ्यांच्या घरातला माणूस, पाच वेळ नमाज पढणारा. तो दचकला.

"ईमान सीखने को?" तो मला म्हणाला. "इतना दूर? अरे भाऊ, वो तो घर में सिखाते. घर में नहीं सीखा तो कालेज क्या सिखाएगा?"

आधी माझा मुलगा हसला. मग सगळे. पोर दाराआडून बाहेर आली आणि डोळे पुसत म्हणाली, "चाचा, विमान! हवाई जहाज!" दोस्ताने कपाळावर हात मारला. त्या घरात इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी हसलं होतं. मीही हसलो. हसताना आत कुठेतरी दुखलं, पण हसलो.

मेव्हणा मात्र हसला नाही. म्हणाला, "हसू नका. अक्काना शब्द शे. पोरले इमानमा बसू देवू नका, असं सांगी गई ती. तुम्हना देखत. तो शब्द खाले पडू देशात का, दाजी?"

मेलेल्या माणसाचा शब्द म्हटल्यावर कोण तोंड उघडेल? मुलाने मान हलवली, त्याला तर ते बरंच वाटलं. पोरीचा चेहरा उतरला. तिला कळलं, की आता जे काय आहे ते या म्हाताऱ्याच्या तोंडात आहे.

मी पोरीलाच विचारलं, "तू इमान उडवणार का?"

"नाही आबा. ते पायलट. मी बनवणार."

"त्याच्यात बसून पोळ्या वाढणार?"

"नाही हो!"

"मग?" मी मेव्हण्याकडे वळलो. "तुझ्या बहिणीना शब्द बसानं नही असा व्हता. ही बसनार नही शे, बनाडनार शे. बनाडानं नही, असं ती कधी बोलनी?"

"दाजी, ही वकिली झाली."

वकिलीच होती ती, मलाही कळत होतं. म्हणून मग मी खरं काय ते बोललो. म्हटलं, ती भित्री होती. यात्रेतल्या पाळण्यात बसली नाही कधी. मी तिच्यासाठी रडतो आहे, उद्याही रडेन, तू मला शिकवू नको. पण तिची भीती तिच्याबरोबर गेली. ती मी पोरीच्या गळ्यात बांधणार नाही. पोर जाईल.

मेव्हणा पानाचा डबा बंद करून उठला आणि बराच काळ आमच्याकडे आला नाही. मुलगा कुरकुरत सामान बांधायला लागला. पोर गेली.

शिकणं अवघड होतं. फोनवर ती कधी कधी रडायची, म्हणायची आबा, परत येऊ का? मी म्हणायचो, ये, पण शिकून ये. एवढंच. मला धीर द्यायला जमत नाही. ते काम घरातली करायची.

शिक्षण झालं, तिकडेच नोकरी लागली. मागच्या उन्हाळ्यात दुपारी मी दोस्ताच्या गाद्यांच्या दुकानात बसलो होतो. फोन आला. पोर ओरडत होती.

"आबा, मोडला! मोडला!"

"काय मोडला गं?"

"पंख!"

मला वाटलं, इमान पडलं. ती हसतेय हे कळायला मला वेळ लागला. मग तिने नीट सांगितलं. नव्या विमानाचा पंख आधी जमिनीवर बांधून ठेवतात आणि ओझं वाढवत वाढवत वाकवतात, पार मोडेपर्यंत. तो किती ओझ्याला आणि नेमका कुठे मोडेल, हे आधीच सांगायचं असतं. ते हिने सांगितलं होतं. मोठे मोठे साहेब बघायला उभे होते. पाहिजे होतं त्याहून जास्त ओझं पंखाने सोसलं, आणि हिने सांगितलं तिथेच मोडला.

मी दुकानातून बाहेर येऊन ओरडलो, "आमच्या पोरीचा मोडला!"

समोरच्या बाईने हातातलं सूप खाली ठेवलं. "अगंबाई, लगीन मोडलं?"

"पंख मोडला, पंख! लगीन कशाला मोडेल!"

दोस्ताने अख्ख्या गल्लीला चहा सांगितला. लोकांना काही कळलं नाही, पण चहा प्यायले. मी मेव्हण्याला फोन लावला. लावलाच.

"मोडना?" तो घाबरला. "कोठे मोडना, दाजी?"

"जमिनीवर! इथे मोडून बघतात, म्हणून वर मोडत नाही. तुझ्या बहिणीची नात हेच काम करते."

तो हळूच म्हणाला, "अक्का ऱ्हाती ते तरी तुमनासंगे भांडती."

भांडली असती. दोन दिवस बोलली नसती माझ्याशी. आणि हरली असती. पण हरवायला तरी ती हवी होती मला.