उताण्या चित्रांचा हिवाळा

घरात दोन जावा. मोठीला सगळी गल्ली थोरली म्हणायची आणि लहानीला धाकटी. थोरली तळमजल्यावर राहायची. नवरा गेल्यापासून शिलाई मशीन हाच तिचा संसार. गिऱ्हाइकाच्या पँटची उंची कमी करताना ती त्याच्या घरची सगळी हकिगत काढून घ्यायची. वरच्या मजल्यावर धाकटी आणि तिचा नवरा. तो वायरमन. बोलणं मोजकं, पण हातात पक्कड असली की माणूस खुलायचा.

धाकटी पूर्वी नकाशे काढणाऱ्या कचेरीत होती. उतरत्या टेबलावर दिवसभर ओणवं राहून रस्ते, नाले, हद्दी शाईने गिरवायच्या. "नद्यांची वळणं काढता काढता माझ्याच पाठीला वळण पडलं," असं ती नंतर म्हणायची. एका सकाळी पाण्याची बादली उचलताना कंबरेत चमक भरली. जाईल दोन दिवसांत, असं सगळ्यांना वाटलं. पण दुखण्याने तिची पाठ धरली ती सोडलीच नाही. औषधं झाली, पट्टे झाले, ऑपरेशनही झालं. आधी रजा संपली, मग नोकरी. डॉक्टर प्रत्येक वेळी फोटो उजेडाकडे धरून म्हणायचे, "यात तसं फार काही दिसत नाही."

"फोटोत मीपण कधी नीट दिसत नाही," वायरमन म्हणाला, "म्हणून मी नाही असं थोडंच आहे?"

नातेवाईक येत, चहा पीत आणि जाताना दारात हळूच म्हणत, "दिसायला तर ठणठणीत आहे की." हे ऐकू आलं की धाकटीला दुखण्यापेक्षा जास्त दुखायचं. पडून राहिली तर थोडं बरं, बसली की कळ डाव्या पायात टाचेपर्यंत उतरायची. आणि थंडी पडली की विचारू नका. रजईच्या आतसुद्धा कुणीतरी मणक्यांवरून ओला दोर ओढतंय असं वाटायचं.

अशी वर्षभर छताकडे बघत पडल्यावर एके दिवशी तिने नवऱ्याला सांगितलं, "मला इथं, डोळ्यांसमोर, एक फळी टांगून दे."

वायरमनने छताला हुक ठोकला, कप्पी बसवली, दोरीच्या एका टोकाला प्लायवुडची फळी आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन. बोटाने ढकलली की फळी वर जाई, ओढली की खाली येई. धाकटीने फळीच्या खालच्या बाजूला कागद लावून आधी खडू घेतले, तर खडूचा चुरा डोळ्यांत. मग नवऱ्याचा कामावरचा जुना गॉगल चढवला. पातळ रंग घेतला, तर तो कपाळावर टपकला. शेवटी पोस्टर कलर जवळजवळ पाणी न घालता, दह्यासारखा घट्ट, असा तिला जमला. थोडा वेळ हात वर, मग बराच वेळ हात छातीवर. पुन्हा हात वर.

आणि काढायची काय? पडल्या पडल्या जे दिसतं ते. टेबलाची खालची बाजू, जिथे सुताराने पेन्सिलीने केलेल्या खुणा कुणी पुसल्याच नव्हत्या. बल्बचा होल्डर आणि त्याच्याभोवती धुरकट झालेलं वर्तुळ. खिडकीच्या वरच्या काचेवर बसलेल्या कबुतराचे गुलाबी पाय. दोरीवरचे कपडे, खालून बघितल्यावर तंबूसारखे फुगलेले. वाकून चहाचा कप पुढे करणारा नवरा, ज्याच्या चेहऱ्यात मुख्य म्हणजे दोन नाकपुड्या. रस्त्यातले बारकावे टिपायची जुनी सवय तिने छताला लावली होती. चित्रं चांगली होती. हे तिला स्वतःलाही कळत होतं, आणि त्यामुळे ती जरा घाबरली होती.

नदीकाठच्या जुन्या गोदामात हिवाळाभर दर रविवारी कलेचा बाजार भरायचा. कुणी मातीची भांडी, कुणी लाकडी खेळणी, कुणी चित्रं मांडायचं. वायरमनने तिथल्या दिव्यांचं काम केलं होतं, त्यामुळे एक कोपरा मिळाला. पण सिमेंटच्या थंडगार जमिनीवर स्टूल टाकून दिवसभर बसणार कोण? धाकटीला तर जेवणापुरतंही बसवत नव्हतं.

"मी आहे ना," थोरली म्हणाली. "रविवारी मशीन बंदच असतं. आणि बोलायला मला कुणी शिकवायला नको."

पहिल्या दोन रविवारी थोरली गेली तशी परत आली. तिसऱ्या रविवारी मात्र चार चित्रं गेली. पुढच्या वेळी त्याहून जास्त. धाकटी हरखली. पाठ कुरकुरत होती, पण ती दुपारी थोडं जास्त वेळ फळी ओढून घेऊ लागली.

मग एका सकाळी एक अनोळखी बाई फळांची करंडी घेऊन जिना चढून आल्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, बोलणं अगदी हळू. खाटेजवळ उभ्या राहिल्या, धाकटीच्या पांघरुणावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"तुम्ही फार धीराच्या आहात हो. शेवटपर्यंत काम करत राहायचं म्हणजे..."

"शेवटपर्यंत?" धाकटी म्हणाली.

"तुमच्या जाऊबाईंनी सांगितलं सगळं. डॉक्टरांनी हात टेकलेत, हा हिवाळा निघतो की नाही..."

धाकटीने विचारलं, "तुम्ही चित्र कुठलं घेतलंत?"

बाई गोंधळल्या. "ते... निळं होतं काहीतरी. छान होतं हं."

बाई गेल्या. करंडीतली फळं ताजी होती, बाई मनाने चांगल्या होत्या, आणि तेच धाकटीला सहन होईना. तिने काठीने जमिनीवर ठोकलं. खाली मशीन थांबलं आणि तोंडात टाचण्या धरलेली थोरली वर आली.

"जाऊबाई, मी मरायला टेकलेय का?"

थोरलीने टाचण्या एकेक करून काढल्या आणि पदकासारख्या आपल्या स्वेटरला टोचल्या. वेळ काढत होती.

"कोण आलं होतं? त्या मास्तरीणबाई का?" ती म्हणाली. "अगं, जरासं मीठमिरची लावून सांगितलं. माल खपला ना?"

"त्यांना चित्र आठवतसुद्धा नाही! त्यांनी चित्र नाही घेतलं, माझी तिरडी घेतली."

"असं अभद्र बोलू नकोस."

"तुम्ही बाजारात बोलता ते चालतं? माझी चित्रं विका, जाऊबाई. माझी कंबर विकू नका."

आता थोरलीही चिडली. "मग काय सांगू मी लोकांना? पहिल्या रविवारी एक जण म्हणाला, हे उलटं लावलंय का. दुसरा म्हणाला, टेबलाचं चित्र काढायचं तर वरून काढायचं, खालून कशाला. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, धाकटे. मला तुझं दुखणं कळतं. ओरडतेस ते खाली ऐकू येतं मला. जे कळतं तेच सांगितलं मी."

धाकटीचा राग उतरला नाही. दोघींनी आठवडाभर अबोला धरला. निरोप वायरमन पोचवायचा. "थोरल्या वहिनी विचारतात, डाळ संपली का." "सांग, असेल." त्या बिचाऱ्याच्या आयुष्यात इतकं बोलायची वेळ कधी आली नव्हती.

रविवारी सकाळी धाकटी म्हणाली, "घडीची खाट काढ. मी जाणार."

"वेडी झालीस? रस्ता बघितलास का, सगळे खड्डे."

"नकाशा मीच काढलाय त्या रस्त्याचा. खड्डे नव्हते त्यात."

वायरमनने शेजाऱ्याचा टेम्पो मागितला, मागे गादी घातली. प्रत्येक खड्ड्याला धाकटी दात आवळून गप्प. थोरली चित्रांचं गाठोडं मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. अबोला चालूच होता, पण एका मोठ्या खड्ड्याला तिने जावेचा हात जो धरला तो गोदाम येईपर्यंत सोडला नाही.

कोपऱ्यात खाट उघडली. धाकटी रजई घेऊन तिच्यावर आडवी झाली आणि बाजार सुरू झाला. तिला दिसत होते ते बूट, ओव्हरकोटांची अस्तरं, हनुवट्या. लोक जवळ येत, दचकत, आणि दुसरीकडे बघत पुढे सरकत. एका गृहस्थांनी थोरलीला दबक्या आवाजात विचारलं, "बाई आजारी आहेत का?"

थोरलीने तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाही," खाटेवरून धाकटी म्हणाली, "बाई कामावर आहेत."

गृहस्थ ओशाळून निघून गेले. शेजारच्या दुकानावर किटल्या विकणारा कुंभार मोठ्याने हसला. दुपारपर्यंत एकही चित्र गेलं नाही. कळ टाचेपर्यंत उतरली होती आणि आपण उगाच हट्टाला पेटलो असं धाकटीला वाटायला लागलं.

तेवढ्यात छातीशी तान्ही मुलगी बांधलेली एक बाई थांबली. तिने बल्बचं चित्र उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"हे झोपून काढलंय?"

"हो."

"म्हणजे ही दिवसभर हेच बघत असते," ती बाई बाळाकडे बघत म्हणाली. "मी तिला म्हणते, काय एवढं बघतेस गं वर, काहीच तर नाही तिथं." मग तिने चित्र बाळाच्या डोक्यावर आडवं धरलं. बाळाने दोन्ही हात वर केले. बाईने चित्र घेतलं. धाकटीची तब्येत तिने विचारली नाही.

त्या दिवशी एवढंच एक चित्र गेलं. त्या फेरीचं मोल मात्र धाकटीला जबर मोजावं लागलं. परतल्यावर तिला कूस बदलवेना. ब्रश धरायचा तर दूरच, चमचाही दुसऱ्याने धरावा लागत होता. वायरमन रागावला, पण रागावून गरम पाण्याच्या पिशव्या भरत राहिला. थोरली शिवण घेऊन वरच येऊन बसली. अबोला कधी संपला ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

दुखणं जरा ओसरल्यावर एका दुपारी थोरली म्हणाली, "मला शिकव. काय सांगायचं असतं ते."

"सांगायचं काही नसतं. या, इथं आडव्या व्हा."

"भर दुपारी?"

"व्हा तर."

थोरली अंग चोरून जावेशेजारी पडली. धाकटीने फळी खाली ओढली. फळीवर टेबलाच्या पोटाचं अर्धवट चित्र होतं. थोरली बघत राहिली. "हे म्हणजे लहानपणी टेबलाखाली लपल्यावर दिसायचं तसं आहे," ती हळू म्हणाली. "मला कुणी शोधायलाच आलं नव्हतं एकदा. संध्याकाळपर्यंत तिथंच बसले होते." एवढं सांगून ती थोड्याच वेळात घोरायला लागली. किती तरी वर्षांत तिची पाठ दिवसा टेकली नव्हती.

उठली ती एक कल्पना घेऊनच. पुढच्या रविवारी धाकटी घरीच राहिली, खाट मात्र बाजारात गेली. थोरलीने वायरमनकडून कोपऱ्यात खाटेच्या वर आडव्या दोऱ्या बांधून घेतल्या, चित्रं तोंड खाली करून टांगली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दटावू लागली, "उभ्याने काय बघताय? आडवे व्हा. बूट काढा आधी!" लोक लाजले, हसले. पहिला झोपला तो कुंभार, आणि तो उठेचना. मग कोट सावरत एक आजोबा, मग कुणाची तरी नवी नवरी. खाटेवरून उठलेला माणूस नेमकं सांगायचा, मला कबुतराचे पाय द्या, मला ते फुगलेले कपडे द्या. निळं काहीतरी, असं आता कुणी म्हणत नव्हतं.

थंडी सरता सरता एक दाताचे डॉक्टर त्या खाटेवर पडले. उठून म्हणाले, "माझे पेशंट अर्धा अर्धा तास माझ्या छताचे पोपडे बघत असतात." त्यांनी टेबलाचं पोट आणि होल्डरचं नव्याने काढलेलं चित्र, दोन्ही घेतली आणि छतावर बसवायला वायरमनलाच बोलावलं.

हिवाळा गेला. धाकटीचं दुखणं गेलं नाही. उन्हात थोडं सैल पडलं इतकंच. एखाद्या दिवशी फळी खाली यायची, एखाद्या दिवशी वरच राहायची. वरच राहिलेल्या दिवसांबद्दल स्वतःला दोष देणं तिने हळूहळू कमी केलं.

पुढे थोरलीची दाढ किडली. ती त्याच डॉक्टरांकडे गेली आणि गालात कापूस भरून, सुजलेलं तोंड घेऊन सरळ वरच्या मजल्यावर आली. धाकटी काळजीने म्हणाली, "फार दुखलं का हो?"

थोरलीने हातानेच ते उडवून लावलं. कापसाच्या आडून, थुंकी सावरत, एकेक शब्द जुळवत ती म्हणाली, "होल्डरच्या डाव्या कोपऱ्यात... सावली जरा... जास्त काळी झालीय."

धाकटीने डोळे मिटून ते चित्र आठवून पाहिलं. "खरंय," ती म्हणाली.