रस्ता सांगणारा डब्बा

नाकाडोंगरीला माझं मोबाइलचं दुकान आहे. कव्हर, चार्जर, फुटलेल्या काचा, म्हाताऱ्यांना फोटो पाठवायला शिकवणं, असं सगळं तिथे चालतं. दुकानासमोरच भाड्याच्या गाड्या उभ्या राहतात, त्यामुळे ड्रायव्हर लोकांची ऊठबस माझ्याच बाकड्यावर. या सगळ्यांना मी फोन विकले, डॅशबोर्डवर फोन अडकवायचे स्टँड विकले, गाडीतले चार्जर विकले. एकच माणूस माझ्या गळाला लागला नाही, आणि तो म्हणजे श्यामरावभाऊ.

भाऊंचं सगळं आयुष्य स्टिअरिंगवर गेलं. तरुणपणी ते चिखल्याच्या मॅंगनीज खाणीवर ठेकेदाराची जीप चालवायचे. शिफ्टचे मजूर आणायचे, साहेबांना तुमसरला सोडायचे. पुढे स्वतःची बोलेरो घेतली. मग लग्नाची मंडळी, दवाखान्याचे पेशंट, शाळेच्या मॅडम, सगळे त्यांच्याच गाडीत. पाहुणे रस्ता विचारत आले, की गावातली माणसं त्यांना सरळ भाऊंकडे पाठवायची. भाऊही मोठ्या ऐटीत सांगायचे, हातवारे करून, मध्ये कुठल्या मोहाच्या झाडाखाली चहा चांगला मिळतो तेही सांगायचे. या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता आणि तो त्यांना शोभायचा.

अशा माणसाच्या डॅशबोर्डवर एक रस्ता सांगणारा डब्बा होता. खाणीवरच्या कुण्या साहेबाने बदली होऊन जाताना त्यांना दिलेला. पंज्याएवढी काच, मागे काचेला चिकटवायचा रबरी कप, आणि आत कोंबलेला सगळ्या देशाचा नकाशा. हिंदीतून बोलायचा. आपण एकदा गेलेली वाट तो लक्षात ठेवायचा आणि सांगितलं की तीच पुन्हा दाखवायचा. हातातल्या फोनमध्ये हे सगळं येऊन जमाना झाला, तरी भाऊंचा डब्बा जागचा हलला नाही. मी दुकानदार माणूस, मला त्या डब्ब्याचा मनापासून राग यायचा.

"भाऊ, फेका तो," मी म्हणायचो. "फोन घ्या. नवीन रस्ते दाखवतो, गर्दी दाखवतो."

"तुह्या फोनवर रस्ता पाहून राह्यलो, आन मधातच साळ्याचा फोन आला, तं?" भाऊ म्हणायचे. "वळन तिकडे निंगून जाते आन हा कानात इचारते, जेवले काय म्हून."

वर तेच पुढे विचारायचे, "मंग चिखल्याच्या रस्त्यावर जंगलात नेटवर्क राह्यते काय तुह्या फोनले? डब्ब्याले नेटवर्क लागत नाही."

मी सांगायचो, की फोनमध्येही नकाशा घरूनच भरून ठेवता येतो. ते म्हणायचे, मे महिन्याच्या उन्हात डॅशबोर्डवर तुझा फोन तापून बंद पडतो, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. खोटं नव्हतं ते. मग मी ठेवणीतलं अस्त्र काढायचो. डब्ब्यातला नकाशा जुना. नदीवर नवा पूल झाला, तो डब्ब्याला ठाऊकच नव्हता. पुलावरून जाताना काचेवरची गाडी नदीच्या पाण्यातून चाललेली दिसायची.

"डब्ब्यात दिसते पान्यात," भाऊ शांतपणे म्हणायचे, "आपन तं पुलावर हाओत ना."

यावर बाकड्यावरचे सगळे हसायचे आणि मी हरायचो. वाद हरण्याचं मला काही वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं ते दुसऱ्याच एका गोष्टीचं. कितीतरी वर्षं तो डब्बा नुसता शोभेला असायचा, बंद. नंतर कधीतरी भाऊ तो चालू करायला लागले. आधी नागपूरला जाताना, मग तुमसरला जाताना, मग अगदी शेजारच्या गोबरवाहीला जाताना. ज्या रस्त्यावर हा माणूस झोपेत गाडी चालवील, तिथे डब्बा बडबडत असायचा. मला वाटलं, म्हातारपणी हट्ट वाढतो तो असा. आम्ही सगळ्यांनीच तसं समजून चेष्टेचा आणखी एक विषय मिळवला.

राखीच्या दिवशी भाऊ ताराबाईवहिनींना घेऊन करडीला निघाले. करडी वहिनींचं माहेर, मोहाडी तालुक्यात, वैनगंगेच्या पलीकडे. लग्न झाल्यापासून दर राखीला भाऊ त्यांना तिथे नेतात. गावाच्या अलीकडे मोठा तलाव आहे. उन्हाळ्यात तलाव आटला, की त्याच्या पोटातून चाकोरी पडते. बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली सगळे तिथूनच जातात, कारण पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, जायचं तर लांबचा वळसा. पाऊस पडला की ती वाट पाण्याखाली जाते आणि लोक पुन्हा पाळीवरून जातात. हे तिथे कुणाला शिकवावं लागत नाही. भाऊ मे महिन्यात साळ्याच्या घरी लग्नाला गेले, तेव्हा अर्थात तलावाच्या पोटातूनच गेले. डब्बा चालू होता. त्याने ती वाट मुकाट्याने लक्षात ठेवली.

राखीला डब्बा म्हणाला, दाहिने मुडिये. भाऊंनी गाडी उजवीकडे वळवली. समोर काठोकाठ तलाव, दोन्ही बाजूंना नुकतीच रोवणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. तरी गाडी थांबली नाही. पुढची चाकं पाण्यात गेली, गाळात रुतली, तेव्हा कुठे थांबली. वहिनींचा भाऊ देवाजी ट्रॅक्टर घेऊन आला आणि दोर लावून त्याने बोलेरो मागे ओढली. राखी त्या दिवशी चिखलाच्या पायांनीच बांधली गेली.

ही गोष्ट त्यांच्या आधीच नाकाडोंगरीला पोचली. आठवडाभर बाकड्यावर दुसरा विषय नव्हता. डब्ब्याने श्यामरावांना आंघोळ घातली. श्यामराव सासुरवाडीला पोहत गेले. मी तर नक्कल करून दाखवायचो, डब्ब्याच्या आवाजात, अब पानी में उतरिये. भाऊ स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसायचे. "बैमान निंगाला साला डब्बा," म्हणायचे. मला वाटलं, आता हा माणूस फोन घेणार. विजय माझाच.

त्याच आठवड्यात एका दुपारी दुकानात कुणी नसताना ताराबाईवहिनी आल्या. पदर डोक्यावर ओढून स्टुलावर बसल्या.

"भाऊजी, एक फोन पाह्यजे. त्यायच्यासाठी."

मी आनंदाने खोके काढायला लागलो. म्हटलं, "शेवटी तलावानं अक्कल दिली म्हणायची."

"हासू नका बाप्पा," त्या म्हणाल्या. "मी बी हासली सगळ्यायसंग. पन तुमाले खरं सांगते. गाडी वळवली ना, तवा मी म्हनलं, अवो, पानी हाय सामने. त्यायले पानी दिसून राह्यलं होतं. पन ते डब्ब्याकडेच पाहत होते. गाडी फसली, तवा मले म्हनतात, आपन कुठं जाऊन राह्यलो? मी म्हनलं, करडीले. तं म्हनतात, करडीले आपलं कोन हाय?"

माझ्या हातातलं खोकं मी खाली ठेवलं.

"घडीभरच झालं तसं," वहिनी म्हणाल्या. "देवाजी आला, तवर सारं आठोलं. मंग हासाले लागले. मी काय करू? मी बी हासली."

डोळे पुसून त्यांनी विचारलं, की असा फोन मिळेल का, ज्यात ते कुठे आहेत ते त्यांना घरी बसून दिसेल. मिळतो, मी म्हटलं. कुठल्याही फोनमध्ये होतं ते. "मंग करून द्या," त्या म्हणाल्या, "पन त्यायले सांगू नका. समजलं तं घेनार नाहीत."

त्या गेल्यावर मी काढलेले खोके परत फळीवर लावले. स्वतःचीच लाज वाटत होती. आणि काय करावं ते कळत नव्हतं. डब्बा माणसाला रस्ता सांगतो, बस. तो कुणाला काही कळवत नाही. भाऊंनी त्याच्यामागे स्वतःला लपवलं होतं. फोन रस्ता सांगतो आणि रस्त्यावरच्या माणसाचा पत्ताही घरी सांगतो. न सांगता तो त्यांच्या हाती द्यायचा, म्हणजे ज्याला सगळा तालुका वाट विचारतो, त्याच्यावर चोरून नजर ठेवायची. नाही द्यायचा, तर उद्या त्या गाडीत मागे शाळेच्या मॅडम बसलेल्या असतील.

माझ्यावर ती पाळी आली नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतःच आले. डब्बा काचेवरून काढून रुमालात गुंडाळून आणला होता.

"चंदू, याच्यातली ती तलावाची वाट काढून टाक."

मी डब्बा चालू केला. गेलेल्या वाटा त्याच्यात रेषांसारख्या साठल्या होत्या, एकीवर एक. करडीची वाट सापडली, मी ती पुसली. म्हटलं, "भाऊ, उन्हाळ्यातल्या आणखी असतील. नाल्यातून, शेतातून. कोणत्या ते सांगा, त्याही काढून टाकतो."

भाऊंनी चष्मा लावला. मी एकेक रेषा दाखवत गेलो. ते पाहत राहिले. मी वाट बघत होतो. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला, तिकडेही त्यांनी पाहिलं नाही.

"कोनती उन्हाळ्यातली आन कोनती बारमाही," ते हळूच म्हणाले, "तेच तं मले आता सांगता येत नाही, चंदू."

मी डब्बा बंद करून रुमालावर ठेवला.

"फोन घेतला, तं तो सांगन काय, समोर पानी हाय म्हून?"

मला खोटं बोलवलं नाही. म्हटलं, "नाही भाऊ. उन्हाळ्यात लोक तिथून गेले, की फोनच्या नकाशालाही तो रस्ताच वाटू शकतो."

"मंग दोघंबी सारखेच," ते म्हणाले. "पाह्यनारा पाह्यजे." मग खिशातून बोलेरोची चावी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. "मांगं लोकायची लेकरं बसतात. हे रिताले देजो. माह्या हातानं देववत नाही."

रिता त्यांची मुलगी. तुमसरला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते आणि गाडी तिला भाऊंनीच शिकवली आहे. मी मान हलवली. भाऊ उठले, दारापर्यंत गेले, परत आले.

"आन तो फोन बी दे. ताराले दिसाले पाह्यजे, मी कुठं हावो ते. काल आलती ना ते? मी चौकात उभा होतो."

नागपूरच्या डॉक्टरांनी नंतर त्या दुखण्याला एक नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. ते भाऊंनी आधीच ठरवून टाकलं होतं. बाकड्यावर मी खरं काय ते सांगितलं, तेव्हापासून तलावाची नक्कल कुणी केली नाही.

दिवाळीनंतर करडीला मंडई होती. आमच्याकडे मंडई म्हणजे धान पिकायच्या दिवसांतली गावची जत्रा, पाहुण्यांनी घरं भरून जातात. वहिनींनी आग्रह केला म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेलो. गाडी रिता चालवत होती. माझ्याच दुकानातल्या स्टँडवर तिचा फोन होता, आणि शेजारी बंद केलेला डब्बा तसाच चिकटवून ठेवलेला. भाऊ पुढे तिच्या बाजूला, आम्ही दोघं मागे.

थोडं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की रिताने फोनचा आवाज बंद केलाय. फाटा आला की ती गाडी हळू करायची आणि विचारायची, "बाबा, कुठून?" भाऊ जरा विचार करायचे, मग बोट दाखवायचे. बरेचदा बरोबर असायचं. एकदा चुकलं, तर ती त्या चुकीच्या रस्त्यानेही गेली, पुढच्या गावातून वळून आली. फोन बिचारा न रागावता दरवेळी नवी रेष काढत होता. मला आधी वाटलं, पोरगी वेळ घालवतेय. मग समजलं, आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

करडीच्या अलीकडे तिने पुन्हा विचारलं. फोनवर रेष सरळ पाळीवरून जात होती. भाऊंनी उजवीकडे बोट केलं. वहिनी पुढे वाकल्या, काही बोलणार तोच रिताने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी उजवीकडे घेतली.

पाण्याच्या कडेला तिने गाडी थांबवली. आम्ही सगळे उतरलो. बांध्यांमधलं धान पिवळं पडलं होतं, तलाव मात्र अजून भरलेला. भाऊ पाण्यापर्यंत चालत गेले.

"इथून रस्ता होता," ते म्हणाले.

"हो बाबा. उन्हाळ्यात असते."

"असते ना? मले वाटलं, मीच चुकलो."

"नाही बाबा. रस्ता बरोबरच सांगतला तुमी. पानी आलं त्याच्यावर."

भाऊंनी मान हलवली. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मंग उन्हाळ्यात आनजो मले इथं. तवर मी इसरलो, तरी आनजो."

"आनीन बाबा," रिता म्हणाली, आणि त्यांना गाडीत बसवून तिने सावकाश गाडी मागे घेतली.