हात जोडायला बंदी

सिद्धाप्पाअण्णांचं घोंगड्यांचं दुकान आणि माझं मोबाईलचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि तीही पत्र्याची. त्यामुळे त्यांच्याकडची बोलणी मला आणि माझ्याकडची भांडणं त्यांना ऐकू येतात. भांडणं माझ्याकडे रोजचीच. लोक मोबाईल पाण्यात पाडून आणतात आणि ‘आपोआप बंद पडला’ म्हणून तोंड वर करून सांगतात. मग माझा आवाज चढतो. तो चढला की पलीकडून पत्र्यावर टकटक होते. “बुद्धप्रियाताई, च्या आलाय. घ्या की.” सोलापूरच्या उन्हात मला शांत करायची ताकद या एका वाक्यात आहे, दुसऱ्या कशात नाही.

अण्णा मंगळवेढ्याकडचे, धनगराचे. तरुणपणी मेंढरांमागे हिंडले, पाय थकले तसे शहरात येऊन घोंगडी विकायला बसले. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण मायाक्का, एवढीच माणसं. आई लवकर गेली. अक्कानं लहान वयात नवरा गमावला आणि माघारी येऊन धाकट्या भावाला वाढवलं, पुन्हा लग्नाचं नाव घेतलं नाही. ती रोज दुकानाच्या उंबऱ्याशी बसून चातीवर लोकर कातते. एका हातात लोकरीचा पुंजका, दुसऱ्या हातातून सुटलेली लाकडी चाती गरगर फिरत खाली येते आणि मागे धागा राहतो. बघत बसावं असं ते काम आहे. अलीकडे अक्का विसरायला लागली होती. मला कधी कुणाच्या तरी लेकीच्या नावानं हाक मारायची, मध्येच कानडीत बोलायची. हात मात्र काही विसरत नव्हते.

अण्णांना त्या फोटो-व्हिडिओच्या ॲपवर खातं मीच काढून दिलं. ‘सिद्धाप्पा घोंगडीवाले’. अक्काचे चातीवरचे व्हिडिओ मीच टाकायचे. दुकानात फिरकत नव्हती एवढी माणसं ते बघायला लागली. “आज्जींचे हात बघून मन निवतं,” असं कुणीकुणी लिहायचं. अण्णा ते वाचून घ्यायचे आणि अक्काला ओरडून सांगायचे. अक्का म्हणायची, “कोण म्हणं?” आणि पुन्हा चाती सोडायची.

एका दुपारी अण्णा आत गिऱ्हाइकाला घोंगडी उलगडून दाखवत होते. बाहेर येऊन बघतात तर उंबऱ्याशी अक्का नाही. लोकरीची पिशवी नाही, चातीही नाही. आम्ही सगळी ओळ पालथी घातली. नाक्यावरचा एक फळवाला म्हणाला, आज्जी एसटीत चढताना बघितली, गाडी अक्कलकोटच्या बाजूची होती. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. डेपोत सांगितलं. मी ॲपवर अक्काचा फोटो टाकला, खाली अण्णांचा नंबर दिला.

नंबर दिला आणि भामटे जागे झाले. “आज्जी आमच्याकडं आहेत, आधी पैसे पाठवा,” असे फोन येऊ लागले. एकानं तर आज्जीचा आवाज काढून दाखवला. अण्णा पैसे पाठवायला निघालेच होते. मी फोन हिसकावून त्या माणसाची अशी पूजा बांधली की चार दुकानं बाहेर आली. मग नंबर काढून टाकला आणि लिहिलं, माहिती असेल तर इथे मेसेज करा.

पोस्ट पसरत गेली. अक्काला व्हिडिओत बघितलेल्या माणसांनी ती पुढे पाठवली, त्यांच्या ओळखीच्यांनी आणखी पुढे. कुठली कोण माणसं, पण “आमच्याकडंही शोधतो” म्हणून लिहीत होती. अण्णांना ते बघून गलबलून आलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “ताई, येवडी मानसं आपल्यासाटी पळाल्यात. त्यांच्या दारात जायला नगं व्हय?”

त्यांच्याकडची रीतच तशी. कुणी अडचणीत धावून आलं तर नंतर त्याच्या दारात जायचं, नाव घ्यायचं आणि हात जोडायचे. एका जागी उभं राहून सगळ्यांना एकदम हात जोडणं हे पुढाऱ्याचं काम, असं अण्णा म्हणतात. मी त्यांना म्हटलं, “अण्णा, सगळ्यांना मिळून एक पोस्ट टाकू.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गिऱ्हाइकाकडे वळले.

हात रिकामे आणि जीव टांगणीला. अशा माणसानं काय करावं? अण्णांनी काचेवर बोट घासत घासत एक वाक्य लिहिलं, ‘लई उपकार झालं, तुमच्या दारात यायला पायजे हुतं, हितूनच हात जोडतो.’ मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवायचा कसा, हे मीच त्यांना घोंगड्यांच्या किमतीसाठी शिकवलं होतं. तेच वाक्य ते एकेकाच्या नावापुढे चिकटवत सुटले. खाली कमेंटमध्ये, आत मेसेजमध्ये, जिथे माणूस दिसेल तिथे. दुपार कलेपर्यंत त्यांनी किती दारं गाठली कोण जाणे.

मग पत्र्यावर टकटक झाली, पण चहाची नव्हती.

“ताई, हे काय म्हणालंय बघा की. पुडं जाऊच दीना.”

पडद्यावर लिहिलं होतं की आमच्या समुदायाच्या सुरक्षिततेसाठी आम्ही काही गोष्टींवर मर्यादा घालतो, नंतर पुन्हा प्रयत्न करा. मी वाचून दाखवलं. अण्णांचा चेहरा पडला.

“सुरक्षितता? माज्यापासनं? मी हात जोडालोय की ओ!”

आणि ते पुन्हा बटण दाबायला लागले. एकदा, दोनदा, रागारागानं. मी ओरडले, “अण्णा, हात काढा आधी!”

मी त्यांना समजावलं. पलीकडे माणूस बसलेला नाही. यंत्र आहे. एकच वाक्य, इतक्या अनोळखी लोकांना, इतक्या भराभर गेलं की त्याला वाटतं हा जाहिरातवाला किंवा भामटा असणार. तुमचं मन त्याला कुठून दिसणार? म्हणून त्यानं लिहायचं आणि पाठवायचं तेवढं थांबवलंय. वाचायला मिळतंय, खातं कुठे गेलेलं नाही. पण दाबत राहिलात तर त्याचा संशय वाढेल आणि बंदी लांबेल.

अण्णा म्हणाले, “आमचं राखणीचं कुत्रं असंच हुतं. अंधारात घोंगडं पांगरून आलो की मलाबी भुंकायचं. पळालं की चावायचं. गप हुबं ऱ्हायाचं, वळख पटली की शेपूट हलवतंय.”

या विषयावर मी आजवर गिऱ्हाइकांपुढे जेवढा घसा कोरडा केला, ते सगळं यांनी एका कुत्र्यात उरकलं.

त्याच वेळी फोन वाजला. नवा मेसेज. चनबसप्पा असं नाव, फोटोत माणसाऐवजी बैल. लिहिलं होतं, ‘आज्जी आमच्या हाटेलात हायत. सिदू सिदू म्हणालेत. फोन नंबर पाठवा.’ सोबत फोटो. बाकावर अक्का, मांडीवर लोकरीची पिशवी.

अण्णांना सिदू म्हणणारं जगात एकच माणूस आहे. मी नंबर लिहून पाठवायला गेले आणि पडद्यावर तेच आलं, नंतर पुन्हा प्रयत्न करा. गावाचं नाव त्या माणसानं लिहिलं नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा त्याचा मेसेज आला, ‘उत्तर का देत न्हाई? मला हाटेल बंद करून लग्नाला जायचं हाय. आज्जी उठून जायचं म्हणालेत.’

आम्ही वाचत होतो आणि बोलू शकत नव्हतो. अक्का उठली आणि रस्त्याला लागली तर पुढे काय, हे अण्णांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

दुकानात गर्दी जमलीच होती, सल्ले सुरू झाले. ॲप काढून परत टाका. नवीन खातं काढा. माझ्या मेव्हण्यानं दुसऱ्या देशातून चालतं असं एक काहीतरी टाकलं होतं, ते टाका. मी सगळ्यांना गप्प केलं. ॲप काढल्यानं खात्यावरची बंदी जात नाही, आणि नव्या खात्यावरून लगेच अनोळखी माणसाला लिहिलं तर तेही अडकतं. मी सेटिंगमध्ये जाऊन खात्याची स्थिती बघितली. खातं शाबूत, फक्त मेसेज आणि कमेंट थांबलेल्या. ‘ही चूक आहे असं वाटतं’ असं कळवायची जागा होती, तिथून कळवलं. उत्तर कधी येईल याचा भरवसा नव्हता. मग माझ्या स्वतःच्या खात्यावरून चनबसप्पाला नंबर पाठवला. पण मी त्याला अनोळखी. माझा मेसेज त्याच्याकडे वेगळ्या कप्प्यात जाऊन पडला असणार, जो कुणी उघडून बघत नाही. बघितल्याची खूण येईना.

अण्णा म्हणाले, “माज्या हात जोडण्यानंच अक्काची वाट आडवली.”

मला इतका राग आला, त्यांचा नाही, कुणाचा ते मलाही कळेना. मी माझ्या खात्यावरून त्या पोस्टखाली लिहिलं, ‘आजींची खबर लागली आहे. चनबसप्पा नावाच्या माणसाचं हॉटेल, फोटोत बैल. कुणाला ठाऊक आहे का? अण्णांचं लिहिणं ॲपनं थांबवलंय, मी शेजारची. फोन नंबर माझ्याकडे मेसेजात मागा.’

नुसतं लिहून कोण बघणार होतं? पण त्या पोस्टखाली अण्णांनी दिवसभर एकेकाला नावानं हाक मारून ठेवलेली होती आणि ती माणसं त्यांना उत्तर द्यायला परत येत होती. ‘अण्णा, आभार कसले?’ ‘अण्णा, काही लागलं तर सांगा.’ त्यांतच एक चंद्रव्वा होती, अक्कलकोटच्या पलीकडे एका गावात शाळेचा पोषण आहार शिजवणारी. अण्णांच्या हात जोडण्याला तिनं नुकतंच उत्तर दिलं होतं. माझं वाक्य तिला तिथेच खाली दिसलं. तिनं मला लिहिलं, ‘बैलाचा फोटोवाला चनबसप्पा? आमच्या फाट्यावरचं हाटेल त्येंचं. मी निगाले, नंबर द्या.’

मी नंबर दिला. त्यानंतरचा वेळ कसा गेला ते सांगता येणार नाही. अण्णा उंबऱ्याशी, अक्काच्या जागेवर बसून होते. मग माझा फोन वाजला, व्हिडिओ कॉल. धाप लागलेली एक बाई, मागे हॉटेलचं अर्धं ओढलेलं शटर. तिनं फोन फिरवला. अक्का बाकावर बसून कातत होती. हॉटेलातली दोन पोरं चहाचे कप हातात धरून बघत होती.

“अक्का!” अण्णा ओरडले.

अक्कानं फोनकडे बघितलं. “सिदू, जेवलास का?” आणि पुन्हा चाती सोडली.

मी चंद्रव्वाला म्हटलं, “बाई, तुम्ही कशा धावलात हो?” ती म्हणाली, “अवो, आमाला कोण नाव घिऊन हात जोडतंय? हेनी जोडलं. मग घरात कशी बसू?”

त्याच संध्याकाळी आम्ही गाडी करून अक्काला घेऊन आलो. चनबसप्पांनी लग्नाला जायचं सोडलं होतं. अण्णांनी त्यांना आणि चंद्रव्वाला एकेक घोंगडी दिली, आणि तिथे समोरासमोर दारात उभं राहून, नाव घेऊन हात जोडले. त्यांना किती बरं वाटलं ते दिसत होतं.

काही दिवसांनी बंदी उठली. मी अण्णांना बजावलं, आता चिकटवायचं नाही. रोज थोडे, स्वतः लिहून, सावकाश. ते तसंच करतात. संध्याकाळी दुकान झाडून झालं की चष्मा लावून बसतात, त्या माणसानं काय लिहिलं होतं ते आधी वाचतात, मग त्याचं त्याला उत्तर लिहितात. वळसंगच्या गोजाबाईंनी बस डेपोत चौकशी केली होती, त्यांना तसं. एका कॉलेजच्या पोरानं पोस्टर छापलं होतं, त्याला तसं. यंत्र आता भुंकत नाही. असं कितीतरी महिने चाललंय, आणि संपलेलं नाही.

मी आपली वाट बघत होते. आज नाही तर उद्या, माझंही नाव येईल. येईना. त्या हॉटेलातल्या पोरांची नावं शोधून त्यांना उत्तरं गेली. मग एके दिवशी माझं डोकं फिरलंच. मी तरातरा पलीकडे गेले. “काय हो अण्णा, साऱ्या जगाला हात जोडून झाले. खातं मी काढलं, भामट्यांशी मी भांडले, त्या यंत्रापुढे मी डोकं फोडलं. माझ्या दारात यायला भिंत आडवी आली का?”

अण्णांनी चष्मा काढला. खरंच गोंधळले होते. उंबऱ्याशी बसलेल्या अक्काकडे त्यांनी बोट केलं.

“हिनं मला ल्हानाचं मोटं केलं. हिला कदी म्हटलं व्हय मी, लई उपकार झालं म्हणून? म्हटलं तर रागवंल की. परक्याला म्हनत्यात ते. तुमाला कसं म्हनू?”

माझ्या आयुष्यात मला खूप जणांनी थँक्यू म्हटलंय, काउंटरवर दिवसाला पन्नास जण म्हणतात. हे न म्हटलेलं एवढं मोठं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. अक्कानं हातातली चाती थांबवली, मला बाजूला बसायला जागा करून दिली आणि कुणाच्या तरी लेकीच्या नावानं हाक मारून विचारलं, “जेवलीस का?”

मी नव्हते जेवले. तिथेच, त्यांच्या डब्यातलं जेवले. नंतर दुकानात येऊन बसले, तेव्हा एक माणूस ओला मोबाईल घेऊन आला आणि म्हणाला, आपोआप बंद पडला. मी म्हटलं, बसा, बघते.