माह्या बोटाले पाहू द्या

कोणी पिस्तूल समोर ठेवून "रिकामं आहे" म्हटलं, की मिस्तरी अदबीने मान हलवायचे. मग खालचं गोळ्यांचं मॅगझिन काढून बाजूला ठेवायचे, वरचा सरकता भाग मागे ओढायचे आणि नळीत जिथे गोळी बसते तिथे उजव्या हाताची करंगळी घालून पाहायचे.

"तुमचं खरंच असन," ते म्हणायचे, "पन माह्या बोटाले पाहू द्या."

समोर पाटील असो की फौजदार, करंगळीपुढे सगळे सारखे. त्या काळच्या अमरावतीत एवढी समता मला दुसरीकडे दिसली नव्हती, आणि मी तर समतेची पत्रकं छापणारा माणूस. त्यांच्या हत्यारदुरुस्तीच्या दुकानाला लागून असलेल्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो. आम्ही दोघं एकाच वस्तीतले. छप्पन सालानंतर दोघांच्याही घरातले जुने देव एकाच आठवड्यात गेले होते. ते मला पत्रकराव म्हणायचे. चिडवायला म्हणत, पण माझं प्रत्येक पत्रक घडी घालून खिशात ठेवत.

लढाईच्या काळात ते फौजेच्या कारखान्यात हत्यारं दुरुस्त करायला शिकले होते. परत आल्यावर परवाना काढला. तो काच लावून भिंतीवर टांगलेला असे आणि दुकानात तेवढी एकच काच रोज पुसली जाई.

पिस्तूल कोणतं घ्यावं, हे विचारायला लोक लांबून येत. अचलपूरकडचा एक पाटील आला, तेव्हा मी तिथेच होतो. त्याने दोन पाहून ठेवली होती. एक चकाकतं, मोत्याच्या मुठीचं. दुसरं जुन्या फौजी घडणीचं, काळपट, पुष्कळ स्वस्त. पाटलाचा जीव अर्थातच चकाकत्यावर.

"पाटीलबुवा, गोरी पाहून सून आनता तसं पिस्तूल आनू नका," मिस्तरी म्हणाले. पाटील हसला. त्याला नुकतीच सून आली होती.

मग त्यांनी स्वस्तातल्या पिस्तुलाची स्प्रिंग दाबून दाखवली, मॅगझिनचं तोंड कुठे वाकलेलं नाही ना ते उन्हाकडे धरून दाखवलं. याच्या गोळ्या जिल्ह्यात मिळतात, त्याच्या मुंबईहून मागवाव्या लागतील, असं सांगितलं. हे स्क्रूशिवाय उघडतं, म्हणजे घरी साफ करता येईल. तेलाचा एकच थेंब. जास्त दिलं तर काळ्या मातीची धूळ धरून बसतं. चामड्याच्या पिशवीत ठेवायचं नाही, पावसाळ्यात चामडं ओल सोडत नाही. कोरड्या सुती फडक्यात ठेवायचं. आणि मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजायचं नाही. एक गोळी नळीत बसलेली असू शकते. हे त्यांनी तीनदा सांगितलं. पाटलाने तीनदा हो म्हटलं.

पाटलाने स्वस्तातलं घेतलं. "माह्या म्हनन्यावर घेतलं त्यानं," असं मिस्तरी नंतर बरेचदा म्हणायचे. तेव्हापासून त्या पिस्तुलावर त्यांचा जीव जडला.

दरवर्षी दसऱ्याआधी पाटलाचा माणूस बोलवायला यायचा. मिस्तरी एस.टी.ने जायचे. ओसरीवर नाही, अंगणात, पोत्यावर बसून पिस्तूल उघडायचे, पुसायचे, करंगळी घालून पाहायचे आणि परत द्यायचे. ते फाटकाबाहेर पडले की त्यांचा हात लागला म्हणून पिस्तुलावर गोमूत्र शिंपडलं जाई. मग हळद, कुंकू, अक्षता. पंधरा दिवसांनी तेच पिस्तूल दुकानात हजर.

मिस्तरी चिमट्याने स्प्रिंगमधला तांदळाचा दाणा काढायचे आणि माझ्यापुढे कागदावर ठेवायचे.

"पाहा पत्रकराव. माह्या हाताचा इटाळ गेला, अन् गंज आला."

ते हसायचे. मला हसू येत नसे.

तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही तेच केलं असतं, असं मी बरीच वर्षं मनाशी म्हणत आलो आहे. मी पत्रक लिहिलं. ज्यांना आमच्या हाताचा विटाळ होतो, त्यांनी आपली हत्यारं आपल्या हातांनी पुसावीत. सगळ्यांत मोठे खिळे लावले. मिस्तरींना वाचून दाखवलं.

"बराबर लिहलं," ते म्हणाले. "पन मी नाई गेलो तं ते पिस्तूल उघडन कोन?"

मी म्हणालो, "ज्याचं त्याला उघडू द्या." आणि तेवढ्यावर न थांबता पुढे बोललो, "काका, तुम्ही दीक्षा घेतली, पण ते पोतं सोडलं नाही."

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्या वर्षी पाटलाचा माणूस आला, तेव्हा त्याला दारातूनच परत पाठवलं. वस्तीत दोन दिवस त्यांचंच नाव होतं. खरा तोरा माझा होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने बातमी आली. पाटलाने पुसायचं काम आपल्या सालदाराला दिलं होतं. तोही आमच्यातलाच, त्याच गावच्या वस्तीतला, दोन लेकरांचा बाप. पाटलाने मॅगझिन काढून ताटात ठेवलं आणि रिकामं आहे, पूस, असं सांगितलं. पाटील खोटं बोलला नव्हता. त्याला तसंच वाटलं होतं. सालदार अंगणात त्याच पोत्यावर बसून पुसत असताना नळीतली गोळी सुटली आणि तो जागीच गेला.

मिस्तरींनी हात धुतले, दुकानाला कुलूप लावलं आणि एस.टी.त बसले. मी मागून चढलो.

पाटलाच्या अंगणात फौजदाराने पिस्तूल तपासायला पुढे केलं, आता रिकामं आहे म्हणाला. मिस्तरींनी सरकता भाग ओढला, करंगळी घातली. त्या दिवशी त्यांचं नेहमीचं वाक्य आलं नाही.

सालदाराच्या बायकोपुढे ते जमिनीवर बसले. "बाई, मी याले पायजे होतो," एवढंच म्हणाले. हा कोण अनोळखी म्हातारा, याचा काय संबंध, तिला कळलं नाही. मला कळलं. मी भिंतीशीच उभा राहिलो.

परतताना त्यांनीच बोलायला सुरुवात केली.

"पत्रक चुकीचं नवतं, बापू." त्या दिवशी पत्रकराव नव्हतं. "मी जाले पायजे होतो. अन् ओसरीवर बसाले पायजे होतो. दोनी."

पुढच्या वर्षापासून दसऱ्याआधी ते बोलावण्याची वाट न पाहता गावोगाव जायचे. आधी वर बसतो, मग उघडतो, असं म्हणून ओसरी चढायचे. काहींनी हाकललं. बरेचसे नाइलाजाने सरकून बसले. मी बरोबर येऊ का, असं विचारलं, तर म्हणाले, तू लिही.

त्यानंतर चार दसरे झाले. पाचव्याआधी खोकला छातीत उतरला आणि ते गेले.

दुकानातली हत्यारं सरकारजमा करताना शेजारी म्हणून मला पंच केलं. सात नग होते. जमादाराने वहीत पाहून सांगितलं, सगळी रिकामी आहेत, सही करा.

मी आयुष्यात हत्याराला हात लावला नव्हता. पण पाहिलं इतकं होतं की हातांना माहीत होतं.

"वहीचं खरंच असेल," मी म्हणालो, आणि पहिल्याचा सरकता भाग मागे ओढला.

सातही रिकामी निघाली. मिस्तरींनी जाण्याआधी पाहून ठेवली असणार. भिंतीवरच्या परवान्याची काच मात्र कोणी पुसली नव्हती.